फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स

"मॅडम, तुमचं ते सॉफ्टवेअर काढून टाका म्हंत्यात!" तानाजीराव फोनवर जवळजवळ ओरडले. "परवा परत येणार हायेत. तवर लायसन्स दाखवा म्हंत्यात."

तानाजीरावांचं तळेगावला पत्रा दाबून पार्ट काढणारं छोटं प्रेस शॉप आहे. मी चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर बघते. कोणता पार्ट कोणत्या शिफ्टला, कोणत्या मशीनवर निघाला याचं लेबल छापून नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम आमच्या टीमने लिहिला होता. छोट्या व्हेंडरांनाही उपयोग होईल म्हणून तो कोडसकट इंटरनेटवर टाकला. तानाजीरावांनी तो बसवून घेतला. आता त्यांच्या कस्टमरचा ऑडिटर अडून बसला होता. सॉफ्टवेअर गेलं की नोंदी बंद, आणि नोंदी बंद की ऑर्डर बंद.

"फुकट दिलंय ना आपण? मग लायसन्स कसलं?" माझे बॉस जगताप सर म्हणाले.

मलाही तसंच वाटत होतं. वाचत बसले तर भलतंच निघालं. कोड नुसता उघड्यावर ठेवला म्हणजे वापरायची परवानगी दिली असं होत नाही. तसं लिहून दिलं नाही तर सगळे हक्क आपल्याकडेच राहतात. म्हणजे इतके दिवस तानाजीराव ते विनापरवाना वापरत होते, आणि बसवून द्यायला गेले होते मीच! हसावं की रडावं कळेना.

बरं, परवानगी द्यायची तर कोणती? ढोबळमानाने दोन तऱ्हा. पहिली म्हणते, घ्या, बदला, विका, फक्त आमचं नाव राहू द्या. दुसरी, म्हणजे जीपीएल, म्हणते, हे सगळं करा, पण बदल करून दुसऱ्याला द्याल तेव्हा तुमचा कोडही याच अटींवर द्या.

"म्हणजे भोसरीतला कोणीही आपल्या प्रोग्रॅमला स्वतःचा स्टिकर लावून विकणार?" सरांनी विचारलं.

"दोन्हींत विकू शकतो, सर."

"मग लायसन्स घेऊन फायदा काय?"

"आपण घेत नाही आहोत. देतोय."

 याच्या पुढचं मलाच धड समजलं नव्हतं. तेवढ्यात तानाजीरावांचा पुन्हा फोन. त्यांनाही मी दोन्ही तऱ्हा सांगितल्या. "दुसरं लावलं तर माझ्या मशिनींची समदी म्हाईती जगाला दाखवायची व्हय?" तसं नव्हतं. स्वतःच्या शॉपमध्ये वापरण्यापुरतं कुणाला काही दाखवावं लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं खरं, पण खात्री करायला पुन्हा वाचायला बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर आणि मी दोन्हींतलं कोणतं लावायचं यावरून भांडत होतो. मग आमच्या टीममधला नीलेश हळूच म्हणाला, "मॅडम, लेबल छापायचा भाग मी नेटवरून घेतला होता. तो जीपीएलचा आहे."

म्हणजे निवडायला काही उरलंच नव्हतं! तो भाग आत ठेवून प्रोग्रॅम वाटायचा तर सगळ्यालाच जीपीएल लावावं लागतं. नीलेशचा असा राग आला होता की विचारू नका. लायसन्सची फाइल टाकली आणि सकाळी तळेगाव गाठलं.

आम्ही ज्यावरून भांडलो ते सगळं ऑडिटरने स्क्रीनवर न वाचताच सरकन पुढे ढकललं. तो थांबला शेवटी, मोठ्या अक्षरांतल्या परिच्छेदापाशी. सॉफ्टवेअर चुकलं, नुकसान झालं, तर लिहिणारे जबाबदार नाहीत.

"इथे एक पार्ट वाकडा निघाला तर अख्खा लॉट परत येतो," तो म्हणाला. "आणि याला कोणीच जबाबदार नाही?"

"अशा सगळ्याच लायसन्समध्ये ते असतं," मी म्हणाले.

"असू दे. नोंद चुकली तर मी फोन कोणाला करायचा?"

 तानाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "मॅडम हायेत की," ते म्हणाले, पण तेही विचारल्यासारखं.

ऑडिटरने कागद पुढे केला. 'जबाबदार व्यक्ती' असं लिहिलेल्या जागेत मी माझं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला. तानाजीरावांची ऑर्डर टिकली.

सरांना सांगितलं, तर पहिला प्रश्न, "कंपनीचं नाव नाही ना लिहिलंत?"

"नाही. माझंच."

"मग हरकत नाही."

फुकट द्यायच्या सॉफ्टवेअरला कोणतं लायसन्स लावावं, हे मला अजूनही धड सांगता येत नाही. लेबल प्रिंटर अडकला की फोन कोणाला येतो, ते मात्र पक्कं सांगता येतं.