भेवाची बैठक

आमच्या एकोडीत भित्र्या माणसांची कमी कधीच नव्हती, पण शेजारच्या निर्मलाबाईची सर कोणालाच नव्हती. पाल चुकचुकली की ही खाट सोडून अंगणात. नवरा केवळराम शिंकला तरी दचकायची. शिंकही त्या माणसाची अशी, की तलावावरचे बगळे उडावेत. अशा बाईला साकोलीच्या एका संस्थेनं शिकवून, गावातल्या बायकांची आरोग्याची शिबिरं घ्यायला नेमलं. मी म्हटलं, निर्मला, सुई पाहून पहिली तूच पडशील आणि आम्हाला वारा घालत बसावं लागेल. ती हसली नाही. तिला तेच भेव होतं.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. दिवाळी तोंडावर होती, धान बांध्यांत, भाताच्या खाचरांत, उभा होता आणि घरोघरच्या ढोल्या रिकाम्या होत्या. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी, चांगली माणसाच्या उंचीची.

शिबिराची दवंडी द्यायला निर्मलाबाईनं सोमाजी कोतवालाला सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. सोमाजी त्याच चौकात उभा राहिला, तेच डफडं वाजवलं आणि त्याच सुरात ओरडला, उद्या शाळेत शिबिर आहे हो. आणीबाणीत हे ऐकू आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जीप आली होती आणि गावातल्या बाप्यांना नसबंदीला भरून घेऊन गेली होती. आमच्या आळीतल्या जनाबाईचा थोरला मुलगा, अजून लग्नही न झालेला, त्यात सापडला. परत आला तो खाली मान घालून आणि पुढे गावच सोडून गेला. शिबिर या शब्दाचा आमच्याकडे एवढाच अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत निर्मलाबाई, तिच्या चित्रांची गुंडाळी आणि गंमत पाहायला आलेली मी, एवढीच सभा भरली. गावातल्या साऱ्या बायका हातात विळे घेऊन बांध्यांत शिरल्या होत्या. धान अजून हिरवा होता, कापणार काय होत्या कोण जाणे.

मला वाटलं, सुटली बिचारी, आता घरी जाईल. पण तिच्या मनात जनाबाईची धाकटी सून रुखमा होती. दिवस भरत आलेली. विहिरीवर तिच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या निर्मलाबाईनं पाहिल्या होत्या. हातापायावर सूज, त्यात डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आई आणि लेकरू दोन्ही जातात, असं तिला शिकवलेलं. ती जनाबाईच्या घराकडे निघाली, मीही मागोमाग. निर्मलाबाई पाय पुढं टाकत होती, पण पदर तोंडात कोंबलेला.

जनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. रुखमा माहेरी गेली, करडीला, म्हणाली. मी बघत होते, पोरीचं ओलं लुगडं अजून वाळत घातलेलं. इतक्यात माजघरातली ढोली ओकली.

आम्ही दोघी जागच्या जागी गारठलो. मग निर्मलाबाई आत गेली, खाट ओढून वर चढली आणि ढोलीत डोकावली. जीपच्या भेवानं सासूनं सुनेला तिथं उतरवलं होतं. पोरीचं तोंड इतकं सुजलं होतं की डोळे फटीसारखे दिसत होते.

"काकू," आतून आवाज आला, "मले दिसून नाही राहिलं."

जनाबाईनं निर्मलाबाईचं लुगडं धरलं. "हात नको लावू व तिले. माह्या एका पोराचं बंद केलं त्यायनं. आता हिचं नाही करू देत."

भिऊ नका, असं सांगायचं असतं म्हणे. पण ते निर्मलाबाईच्या तोंडून निघेना. खाटेवरूनच ती खाली वळली.

"जनाबाई, मले जीपचं भेव लागते," ती म्हणाली. "सुईचं लागते. तुमचं तर लईच लागते. पण हिचं तोंड पाहून जे भेव लागून राहिलं, तसं जल्मात नाही लागलं. तुमाले नाही लागत काय?"

जनाबाईच्या हातातलं लुगडं सुटलं. "सकाळपासून लागून राहिलं, बाई."

रुखमाला वर चढता येईना. मग जनाबाईनंच कुऱ्हाड काढली आणि धाकट्या मुलाला, खुशालला हाक मारून सांगितलं, फोड ढोली. वर्षाचा धान जिच्यात राहायचा, ती ढोली उभी चिरली.

बैलगाडीत रुखमाला झटके आले. तिची दातखीळ बसली. साकोलीच्या डॉक्टरनं सुई दिली आणि ताबडतोब भंडाऱ्याला न्या म्हणाला. न्यायला दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली ती जीपच. पाहताच जनाबाई मटकन खाली बसली. उठेना. तेव्हा निर्मलाबाई, राखेसारखा चेहरा घेऊन, आधी स्वतः त्या जीपमध्ये चढली आणि आतून हात पुढे केला. जनाबाईनं आधी त्या हाताकडे पाहिलं. मग धरला.

रुखमा वाचली. मुलगी झाली, मांजराच्या पिलाएवढी, पण रडायला खणखणीत. रुखमाला हळूहळू दिसायला लागलं.

पुढच्या वेळी डफडं वाजलं नाही. जनाबाईच दारोदार सांगत फिरली, आज माझ्या अंगणात भेवाची बैठक आहे. फोडलेली ढोली तिनं चटईसारखी अंथरली आणि बायका तिच्यावर दाटीवाटीनं बसल्या. आधी प्रत्येकीनं आपलं भेव सांगायचं, मग औषधपाण्याचं बोलायचं, असं ठरलं. निर्मलाबाई म्हणाली, पाल. मी म्हटलं, केवळरामची शिंक सांग. हसून हसून ढोली करकरली.

मग जनाबाई मातीकडे बघत म्हणाली, "माह्या अंगावरून जाते. लई दिवसाचं. कोनाले सांगतलं नाही."

निर्मलाबाईचा रंग पुन्हा उडाला. साकोलीला जावं लागेल, एवढंच ती बोलली. जनाबाईनं मान हलवली, नाही म्हणून.

रुखमानं पोर माझ्या मांडीवर टाकली, पोरीनं लगेच माझं लुगडं ओलं केलं, आणि सासूसमोर उभी राहून तिनं हात पुढे केला.

"चाला. मी चढते आधी."