फक्त पखवाजावर वळणारी बोटं

सीताराम धुरीच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फक्त पखवाजावर आपोआप आत वळतात. एरवी हात ठणठणीत आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत तो विजेच्या पॅनेलांची जोडणी करतो, तांदळाएवढे स्क्रू याच हाताने बसवतो. माशाची खवलं काढतो, मोबाइलवर मेसेज लिहितो. बोरिवलीच्या काजूपाड्यात त्याला ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांचं म्हणणं आहे की दुखणं हातात नाहीच.

बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा सीताराम वीस वर्षांचा होता, आणि त्याआधीपासून तो चंद्रप्रकाश बुवांच्या उजव्या बाजूला पखवाज घेऊन बसत होता. कोकणातल्या माणसाला डबलबारी समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की दोन भजनी बुवा आमनेसामने बसतात, आळीपाळीने गातात, एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात, आणि दोघांची अब्रू पखवाजवाल्याच्या हातात असते. बत्तीस वर्षं ती सीतारामच्या हातात होती. कामावर त्याला कोणी फारसं ओळखत नव्हतं. बारीच्या बॅनरवर मात्र बुवांच्या खालोखाल त्याचा फोटो असायचा.

डिसेंबर २०२१ मध्ये एका रविवारी दुपारी बोरिवलीच्या मैदानावर बारी होती. गजराची लय चढत असताना ती दोन बोटं तळहाताकडे ओढली गेली. दुखलं नाही, मुंग्या आल्या नाहीत. थाप चुकली. समोरच्या बुवांनी संधी सोडली नाही.

"तुमच्या मृदंगाक हिव भरला काय, बुवा?" त्यांनी माइकवरून विचारलं. मांडव हसला.

उतरल्यावर चंद्रप्रकाश बुवांनी त्याला बाजूला घेतलं. "पिऊन इलंस काय रे?"

"चाय पण घेतलंय नाय, बुवा."

"मग काय झाला?"

ते सीतारामला सांगता येईना. पुढच्या बारीला तेच झालं. मग कोणाला तरी नारळ आठवला. बारी सुरू होण्याआधी दोन्ही मंडळं एकमेकांना नारळ देतात. मानाचा असतो तो. त्या दुपारी सीतारामला समोरच्या पखवाजवाल्याने दिलेला नारळ त्याने घरी आणला होता आणि बायकोने, सुगंधाने, त्याची सोलकढी केली होती. घरातले सगळे प्यायले. हात मात्र एकट्या सीतारामचा बांधला गेला, असं मंडळात ठरलं. बुवांना हे लगेच पटलं. आपला माणूस चुकतो यापेक्षा समोरच्याने करणी केली हे ऐकायला बरं होतं.

शिमग्याला बुवा त्याला गावी घेऊन गेले. देवळात कौल लावला, म्हणजे मूर्तीला फुलं चिकटवून कुठल्या बाजूचं आधी पडतं ते पाहिलं. 'हात बांधलेला असलो तर उजवो दी,' असा प्रश्न बुवांनी घातला. उजवा कौल पडला. डॉक्टरकडे जाऊ का, हा प्रश्न कोणी घातला नाही. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला. परतीच्या वाटेवर बुवांनी आपला उपाय जोडला.

"देवाचा काम देवान केल्यान. आता तुझा तू कर. दोन तास रियाज, रोज."

सीतारामने तो केला. पहाटे पाचला पखवाजावर गोधडी टाकायची, शेजारी ओरडू नयेत म्हणून, आणि एकच बोल हजार वेळा. बोट वळलं की डाव्या हाताने सरळ करायचं, पुन्हा सुरुवात. सोळा महिने. आधी बोटं गजरातच वळत. मग साध्या अभंगात वळू लागली. शेवटी पखवाज मांडीवर घेतल्याबरोबर.

"अहो, एक आठवडा नका ना वाजवू," सुगंधा म्हणाली.

"आठवडाभर नाय वाजवलं तर उरलेलं पण जाईल."

मुलुंडचा राजेश तोवर त्याच्या जागी पखवाजावर 'तात्पुरता' बसू लागला होता. मंडळात कुजबुज निराळी होती. सीतारामला समोरच्यांनी फोडलाय. नायतर स्क्रू पिळताना कशी नाय वळत बोटं?

जवळच्या दोन डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, टेन्शन घेऊ नका म्हणाले. मुलगी अपूर्वा कांदिवलीच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. तिने गोधडीवरच्या रियाजाचा व्हिडिओ तिथल्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी महापालिकेच्या एका रुग्णालयात, मेंदूविकाराच्या ओपीडीत पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात तपासला. ताकद उत्तम, संवेदना उत्तम.

"पखवाज घेऊन या," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तो गवसणीतला पखवाज घेऊन गेला. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मामा, कार्यक्रम कुठल्या वॉर्डात?" ओपीडीत त्याने पहिला बोल वाजवला आणि दोन्ही बोटं मुठीत गेली. दाराशी पेशंट गोळा झाले. बाईंनी दार लावून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. आवळणं हेच तर स्नायूचं काम. झोपेत पोटरीत गोळा येतो, उचकी लागते, पापणी फडफडते, तेही स्नायूच आकसतात, पण बहुतेक वेळा आपोआप सोडतात. इथे स्नायू चांगला आहे, हुकूम चुकीचा येतोय. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केली की काहींच्या मेंदूत शेजारशेजारच्या बोटांचे हिशेब एकमेकांत मिसळतात. म्हणून ते काम करतानाच बोट वळतं, बाकी कशात नाही. नाव डिस्टोनिया.

"मी रियाज वाढवला," सीताराम म्हणाला. "रोज दोन तास. सोळा महिने."

बाईंनी ते केसपेपरवर लिहिलं. "तेच करायला नको होतं. चुकीची हालचालच मेंदूत पक्की झाली."

इंजेक्शन दिलं. आवळणारा स्नायू त्याने काही महिने ढिला पडतो. फरक पडेलच असं नाही, हेही सांगितलं. तीन आठवड्यांनी बोटं वळायची जवळजवळ थांबली. थापेतला जोरही गेला. पखवाज वाजत होता, बोलत नव्हता. हे सांगायला सीतारामला कोणाची गरज नव्हती.

त्याने केसपेपर बुवांना दाखवला. बुवांनी तो चष्मा न लावता पाहिला आणि परत दिला. दिवाळीनंतर ते स्वतः काजूपाड्यात आले. मुलुंडला मोठी बारी होती.

"तू झांज घी. माझ्या मागेच बसशीत," बुवा म्हणाले. "तुझ्याशिवाय मंडळ बरा दिसना नाय."

सुगंधा चहा घेऊन आली होती, तिला बरं वाटलं. अपूर्वा म्हणाली, "बाबा, घ्या ना. झांजेवर बोटं वळणारच नाहीत."

"तेच सांगतंय," सीताराम म्हणाला. मग बुवांकडे वळला. "बुवा, माझो हात झांजेर सरळ चलतलो. सगळ्या मांडवासमोर. मगे ते काय म्हणतले?"

"काय म्हणतले?"

"नाटक करी होतो म्हणतले. आणि तुमका पण तसाच वाटतला."

बुवांनी चहा संपवला. नाही म्हणाले नाहीत. 

"नको माका झांज," तो म्हणाला.

मुलुंडची बारी झाली. झांजेला दुसरा माणूस मिळाला. सीताराम समोरच्या मंडळात जाणार, असं आता उघड बोललं जातं. तो कुठेही गेलेला नाही. बारीच्या रविवारी त्याने कारखान्यात जादा पाळी घेतली आणि सहापर्यंत पॅनेलमध्ये स्क्रू बसवले, एकही न सांडता.