मी न वाचलेली ओळ

मल्लय्या वस्ताद. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी हेच नाव सांगेन. आईवडिलांचंसुद्धा नाही. आणि आता जे सांगतो आहे ते मी आजवर कुणालाही तोंडानं सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला का सांगतो आहे? माहीत नाही. कदाचित तुम्ही वस्तादांना पाहिलेलं नाही म्हणून. ज्यांनी पाहिलं आहे त्यांच्यासमोर हे तोंडातून निघत नाही.

मी केम गावचा. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. कॉलेजसाठी सोलापूरला आलो तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नाही, नातेवाईक कुणी नव्हते. पूर्व भागात एक तालीम होती, तिच्या ओट्यावर वळकटी ठेवून बसलो होतो. वस्ताद आले. तेलुगू विणकर माणूस — दिवसभर एका कारखान्यात हातमागावर चादरी विणायच्या, आणि पहाटे नि संध्याकाळी तालीम चालवायची. त्यांनी माझ्या दंडाला दोन बोटं लावून बघितलं आणि म्हणाले, “झोपायला जागा हाय. पन पाटं उटून जोर मारायचे. भाडं तेवडंच.”

चार वर्षं मी त्या तालमीत राहिलो. पदवी मिळायच्या कितीतरी आधीपासून तालमीतली सगळी मला ‘बीए’ म्हणायची. वस्तादांनीच ते नाव पाडलं होतं. परीक्षेच्या दिवसांत कुणी मोठ्यानं शड्डू ठोकला तर ते ओरडायचे, “हळू की! बीए वाचतोय.” मी पास झालो तेव्हा त्यांनी मला खांद्यावर घेऊन तांबड्या मातीच्या हौद्याभोवती फिरवलं. हे मी का सांगतो आहे? तुमच्या मनात माझ्याविषयी चांगलं यावं म्हणून नव्हे. उलट. मी कुणाशी काय केलं, ते नीट कळावं म्हणून.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. वस्तादांचा उजवा गुडघा तेव्हा सुजलेला असायचा. हातमागाला खाली खड्डा असतो, त्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या असतात — दिवसभर. वीस-बावीस वर्षं त्यांनी ते केलं होतं. शिवाय सुताच्या धुळीचा खोकला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की माग सोडा, नाहीतर गुडघाही जाईल आणि छातीही. पण सोडून जायचं कुठं?

तेवढ्यात आमच्या भागात कामगारांसाठी एक व्यायाम केंद्र निघायचं ठरलं. तिथं एक मार्गदर्शक नेमायचा होता. लोकांना व्यायाम शिकवायचा, कुणाला काय झेपेल ते बघून द्यायचं, दुखापत झाली तर सांभाळायचं. म्हणजे वस्ताद वीस वर्षं जे करत होते तेच. केंद्राचे व्यवस्थापक स्वतः तालमीत येऊन म्हणाले, “वस्ताद, सर्टिफिकेट तेवढं आणा. वर्षभर जागा थांबवतो.”

सर्टिफिकेट! वस्ताद चौथीपर्यंत शिकलेले, तेही तेलुगू शाळेत. मराठी फर्डं बोलायचे, पण वाचता येत नव्हती. त्यांनी कुठून कुठून दोन संस्थांची माहितीपत्रकं मिळवली आणि माझ्यापुढं ठेवली. “बीए, तू शिकल्याला हायस. यातलं खरं कुटलं, खोटं कुटलं, तू सांग. तू म्हनशील ते मी करतो.”

तू म्हणशील ते मी करतो. हे वाक्य माझ्या पाठीवर बसलेलं आहे.

मी काम मनापासून केलं — सुरुवातीला तरी. एक अभ्यासक्रम पोस्टानं होता. गुळगुळीत कागद, वर पिळदार माणसाचा फोटो, सहा महिन्यांत ‘व्यायामतज्ज्ञ’. दुसरा दहा महिने तिथं राहून करायचा, सरकारमान्य, कागद मात्र किराण्याच्या पुडीसारखा. मी दोन्हीकडं कार्ड टाकलं. पोस्टवाल्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं — अभिनंदन, आपली निवड झाली आहे! कुणाची निवड? मी वय लिहिलं नव्हतं, वजन लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांनी उंची विचारली, छातीचं माप विचारलं, डॉक्टरांचा दाखला मागितला, आणि एक प्रश्न विचारला — आपण कोणाकडे शिकलात? एका शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांनाही मी विचारून आलो. ते म्हणाले, “ज्यांना तुझा एक जोर बघायची गरज वाटत नाही, त्यांच्या कागदाला कोण विचारणार?” मग मी दोन्हीकडचे विषय ताडून पाहिले. दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात शरीररचना होती, प्रथमोपचार होता, आणि तपासनिसासमोर खऱ्या माणसांना शिकवून दाखवायचे तीस पाठ होते. पोस्टाच्या अभ्यासक्रमात बारा पुस्तिका होत्या. बस्स.

म्हणजे कुठला खरा, याविषयी मला कसलीही शंका नव्हती. हे लक्षात ठेवा. मी फसलो नव्हतो.

खऱ्या अभ्यासक्रमाला मॅट्रिकची अट होती आणि वय तिशीच्या आत. ते वाचून मला वाईट वाटलं — खरंच वाटलं. मग पान उलटलं. मागं, नियमांच्या शेवटी, एक ओळ होती. दहा वर्षांहून अधिक काळ व्यायामशाळा चालविणाऱ्या वस्तादांच्या बाबतीत शिक्षणाची व वयाची अट शिथिल करण्यात येईल. त्यांची तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाईल.

शिथिल. म्हणजे ढिली. वस्ताद रोज पहाटे नव्या पोराच्या मानेवर हात ठेवून पहिला शब्द हाच सांगायचे — अंग ढिलं सोड. त्यांना ‘शिथिल’ कळला नसता, पण ‘ढिली’ म्हटलं असतं तर तिथंच उडी मारली असती त्यांनी, सुजल्या गुडघ्यानं.

त्याच ओळीखाली आणखी एक ओळ होती. प्रत्येक जिल्ह्यातून एकच उमेदवार घेण्यात येईल.

आता कळलं का तुम्हाला?

मी बी.ए. होतो. वर्ष होत आलं होतं, नोकरी नव्हती. गावाकडं वडील रोज पोस्टमनला विचारत होते. मी मनाशी म्हणालो... काय म्हणालो ते लिहीत नाही. लिहिलं तर ते कारण दिल्यासारखं होईल. एवढंच सांगतो, की एका पानावर दोन ओळी होत्या आणि प्रात्यक्षिकात वस्तादांसमोर मी टिकणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, मी त्यांना कागद वाचून दाखवायला गेलो. वस्ताद मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढून बसले होते. शेजारी कासीमभाई — कारखान्यातले मिस्त्री, वस्तादांचे जुने दोस्त. ते उर्दू वाचायचे, मराठी नाही. मी पहिलं पान वाचलं. मॅट्रिक. वय तीस. कागद खाली ठेवला.

वस्ताद गुडघा चोळत राहिले.

कासीमभाईंनी कागद उचलला, उलटा केला, परत माझ्याकडं धरला. “पूरा पढो ना मियाँ. पीछे भी काला-काला दिख रहा. बीए होके आधाच पढते क्या?”

सगळे हसले. मीही हसलो. कागद हातात घेतला. ती ओळ माझ्या अंगठ्याच्या वर होती. अंगठा मी खाली नेला नाही, वरही नेला नाही. वाचू? आत्ता वाचलं तर अजून काही बिघडलेलं नव्हतं. ‘अरे, हे राहिलंच की,’ एवढं म्हटलं की झालं. किती वेळ गेला असेल? एक माग थांबून दुसरा सुरू होण्याइतका.

“होस्टेलचे नियम हायत,” मी म्हणालो. आणि वाचायला लागलो — कागदावर नसलेलं. ताट एक, वाटी एक, लंगोट दोन, मच्छरदाणी एक.

“मच्छरदानी!” वस्ताद एकदम हसले. “पैलवानाला मच्छरदानी! कासीम, डासाशीबी कुस्ती लावत्यात काय रं तितं?”

त्यांना हसताना खोकला आला. मी त्यांना पाणी दिलं. माझ्या हातानं.

मग मी म्हणालो की पोस्टाचा अभ्यासक्रमही चांगला आहे. घरबसल्या होतो. पुस्तिका मी वाचून दाखवीन. आणि हे सांगताना मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तुम्हाला वाटेल, खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो. मी चुकवली नाही.

पुढचं तर याहून वाईट आहे. दहा महिन्यांच्या त्याच अभ्यासक्रमासाठी मी स्वतः अर्ज केला, त्याला शिकवणाऱ्या वस्तादाची शिफारस लागत होती. ती त्याच पानाच्या तळाशी करायची होती. मी वस्तादांपुढं कागद धरला. त्यांनी हात धोतराला पुसला, तेलुगूत एकेक अक्षर जोडत सही केली, आणि विचारलं, “बरी आली का? मोठ्या लोकांत जायची हाय.” त्यांच्या मनगटाखाली ती ओळ होती.

मला जागा मिळाली. पोस्टाच्या पुस्तिका मी पहिले दोन महिने वाचून दाखवल्या, मग तिकडं निघून गेलो. पुढं कासीमभाईंच्या पोरीनं वाचल्या म्हणे. सुट्टीत परत आलो तेव्हा वस्तादांचं सर्टिफिकेट आलेलं होतं — सोनेरी शिक्का, लाल फीत. त्यांनी ते काचेत बसवलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते मला केंद्रात घेऊन गेले. “तू संगं चल. विंग्रजीत काय विचारलं तर?”

व्यवस्थापकांनी काच हातात घेतली. पुढून बघितली, मागून बघितली. मग मऊ आवाजात, अगदी मऊ आवाजात विचारलं, “वस्ताद, हे पोस्टानं आलंय. तुमची परीक्षा कुणी घेतली? हे चालत नाही हो. दहा महिन्यांचं का नाही केलंत? तिथं वस्तादांना सवलत आहे असं ऐकतो मी.”

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बीए सांगेल, तशा नजरेनं.

मी म्हणालो, “ती सवलत बंद झाली साहेब.”

हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी ती ओळ लपवली होती, या वेळी ती आहे हेच नाकारलं.

परत येताना त्यांनी काच काखेत धरली होती, शिक्क्याची बाजू आत. तालमीच्या अलीकडं ते म्हणाले, “जाऊ दे. तू आनशील की तिकडून खरं. केंद्रातली जागा आपल्याच तालमीकडं राहतीय, हाय का न्हाय?” ते माझी समजूत काढत होते. माझी.

मी खरं सर्टिफिकेट आणलं. केंद्रात लागलो, अजूनही तिथंच आहे. लोक म्हणतात मी चांगलं शिकवतो. दहा महिन्यांत मी हाडांची नावं शिकलो. बाकी सगळं वस्तादांचं आहे. ते आणखी दोन वर्षं मागावर बसले. मग तालीम बंद पडली आणि पुष्कळ विणकर कुटुंबांसारखे तेही भिवंडीला गेले. तिथं यंत्रमागावर उभं राहून काम असतं. त्या गुडघ्यानं.

त्यांना कितीदा पत्र लिहायला बसलो असेन! दर वेळी एकच विचार — हे त्यांना कुणीतरी वाचून दाखवणार. कुणाच्या तरी तोंडून. मग मी तेलुगूची पहिलीची पुस्तिका आणली. दुकानदाराला सांगितलं, पुतण्यासाठी हवी आहे — बघा, अजूनही! तालमीत राहून भाषा थोडी कानावर होती. अक्षरं शिकायला तीन महिने लागले. वस्तादांना स्वतः वाचता यावं म्हणून शिकलो, की तिसऱ्या माणसाला कळू नये म्हणून? दोन्ही असेल. दुसरं जास्त असेल.

पत्र गेल्या महिन्यात टाकलं. परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं. मला फार तेलुगू येत नाही, म्हणून वाक्यं लहान आहेत. मराठीत ते असं होतं —

वस्ताद,

मी केमचा भगवान. अक्षरं चुकली असतील.

दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाच्या कागदावर मागं एक ओळ होती. दहा वर्षं तालीम चालवणाऱ्या वस्तादाला मॅट्रिक लागत नाही. वयही लागत नाही. परीक्षा देऊन तो येऊ शकतो. जिल्ह्यातून एकच माणूस घेणार होते.

ती ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. ती मी आदल्या दिवशी वाचली होती. मच्छरदाणी कागदावर नव्हती.

साहेबांनी विचारलं तेव्हा सवलत बंद झालेली नव्हती. तुम्ही माझ्याकडं बघितलं तेव्हा मला ते माहीत होतं.

केंद्रातली जागा तुमची होती. त्या जागेवर मी सहा वर्षं आहे.

भगवान