बांधाखालचे घर

आनंदीकाकी सकाळी तोंड धुण्याआधी बांधाच्या पायथ्याला तळहात लावत असे आणि मग तोच तळहात स्वतःच्या गालाला. आजारी मुलाचा ताप पाहावा तशी ही तिची रोजची तपासणी होती. हात कोरडा लागला तरी तिचे समाधान होत नसे; दोन पावले सरकून ती पुन्हा हात टेकवी. मी एकदा म्हटले, "काकी, उन्हाळ्यात तरी निर्धास्त राहा." ती म्हणाली, "पाणी निजता खंय गो? तां नुसता पडान ऱ्हवता. डोळे उघडेच."

तो बांध माझा होता, म्हणजे त्याचा आराखडा माझा होता. वाडीच्या वरच्या अंगाचा व्हाळ, म्हणजे ओढा, चैत्रात आटत असे, आणि उरलेल्या डबक्यांत मरळ आणि शेंगटी तडफडून मरत. खाडीतून वर येणारी पाणमांजरे त्यामुळे दिसेनाशी झाली होती. तिथे मातीचा एक बुटका बांध घालावा, मागे वर्षभर उथळ पाणी राहावे, कडेला दगडांच्या पायऱ्या ठेवून माशांना चढायला वाट द्यावी, अशी ती योजना. शेतीला त्यातला थेंबही मिळणार नव्हता. जलपरिसंस्थेचे शिक्षण संपवून हाती घेतलेले ते माझे पहिले स्वतंत्र काम होते, आणि ते नमुनेदार व्हावे याची मला घाई होती.

काकीची पहिली भेट देवळातल्या बैठकीत झाली. मी भिंतीवर नकाशा लावून बोलत होते. मासे कोणाचे, राखण कोणी करायची, असे प्रश्न झाले. मग खांबाआडून आवाज आला, "बाय, ह्यो बांद फुटलो तर पाणी खंय जातला?"

मी नकाशावर बोट ठेवले. तिथे एक छोटा चौकोन होता.

"तां माजा घर," ती म्हणाली. "आणि तुजा घर खंय?"

"कुडाळला."

"मगे तुका झोप बरी लागतली!"

बैठक हसली. तातू गावकर, देवळात गावाच्या वतीने देवापुढे मानाचे गाऱ्हाणे घालणारे, मला म्हणाले, "मनार घेव नको. हिचा नाव आनंदी ठेवणाऱ्याक कोर्टात खेचूक व्हया." काकी मात्र हसली नाही. बांधाचे एक टोक तिच्या जमिनीत येत होते. तिच्या संमतीवाचून काम अडले असते. ती म्हणाली, "माजी ना नाय. मासे जगाक व्हये. पण पावसाळ्यात ह्या चेडवान माज्याकडे ऱ्हवाचा. बांद घालणाऱ्यान बांदाखाली निजूचा."

रोजच्या नोंदींसाठी मला जवळपास राहायला जागा हवीच होती, म्हणून मी तत्काळ हो म्हटले. आपण काय कबूल केले हे मला पाऊस लागल्यावर कळले. तिच्या घराच्या पडवीत बसले की समोर थेट बांधाची पाठ दिसते आणि त्यामागचे पाणी दिसत नाही. ते किती चढले आहे याचा अंदाज मनच बांधत राहते, आणि मनाचे अंदाज नेहमी जास्तीचे असतात.

बांध पुरा झाला त्या दिवशी तातूंनी गाऱ्हाणे घातले होते. आमच्या भागात असा शब्द देवापुढे बोलला आणि गावाने "होय म्हाराजा" म्हटले, की तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. तातूंनी ग्रामदैवत रवळनाथाला सांगितले, की ह्या पाण्याच्या आणि बांधाच्या हद्दीत कोणत्याही जिवाला गाव हात लावणार नाही. मला आनंद झाला. कायद्याने जे साधले नसते ते एका हाकेत साधले होते.

काकीची काळजी कमी व्हावी म्हणून मी तिला एक गोष्ट समजावली होती: मातीचा बांध थोडा पाझरतोच, पाझर निवळ असेल तर भीती नाही, गढूळ झाला तर आतली माती वाहते आहे असे समजावे. परिणाम उलटा झाला. रोज सकाळी ती पाझराखाली काचेचा ग्लास धरू लागली आणि तो माझ्या चहाशेजारी आणून ठेवू लागली. "बघ गो, निवळ मां? नीट बघ. चष्मो लाव." एकदा तातू घामाघूम होऊन आले आणि विचारायच्या आत तो ग्लास गटागटा प्यायले. काकी किंचाळली, "अरे मेल्या, माजो बांद पिलंस!"

"बरो लागलो," तातू तोंड पुसत म्हणाले. "मीठ कमी आसा."

श्रावणात, संततधार पावसाच्या एका सकाळी ग्लास आला तो तांबूस होता. काकीने तो खाली ठेवला, गोठ्यात जाऊन गाय सोडली आणि मगच म्हणाली, "चल."

पायथ्याशी करंगळीएवढी धार लागली होती आणि तिच्याबरोबर माती येत होती. वरच्या उतारावर खेकड्यांची बिळे दिसत होती. एवढ्या शांततेत त्यांनी बांध पोखरला होता. निदान सोपे होते आणि ते मला एकटीलाच कळले होते असेही नाही. सांडव्याच्या फळ्या काढून पाणी उतरवायचे, बिळे खणून कुर्ल्या बाहेर काढायच्या, चिकणमाती ठासायची. वाडीतली माणसे फावडी घेऊन आली, फळ्या काढल्या, आणि बिळांपाशी सगळी थांबली.

"शब्द देवाक दिलेलो आसा," तातू म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कौल घेवक व्हयो. आणि गुरव कसालच्या बाजाराक गेलो हा. सांजेक येतलो."

"सांजेपर्यंत हा बांध राहणार नाही!" माझा आवाज चिरका झाला होता. "मी खणते. मी गावातली नाही."

मी पुढे झाले तर काकीने माझा दंड धरला. "माज्या घरात जेवतंस तू. आता तू गावातलाच."

मग ती स्वतः बांधावर चढली. बाईने गाऱ्हाणे घालायची आमच्याकडे रीत नाही. तिने भिजलेला पदर डोक्यावर ओढला, पायातल्या वहाणा बाजूला काढल्या आणि हात जोडले. शब्द अडत नव्हते.

"बा देवा रवळनाथा! गावान तुका शब्द दिलो, तो आज मोडूचो लागता. कुर्ल्यो खणून काढतलंव, पण मारूचंव नाय, खाऊचंव नाय, खालच्या व्हाळात नेऊन सोडतलंव. ह्याचा पाप लागात तां माका लाव. पाणी सुटला तर पयला माज्या दारात येता, तसा पापय पयला माज्याच दारात येवंदे. गावाक लावू नको रे म्हाराजा!"

सगळे तातूंकडे पाहत होते. तातू त्या तांबड्या धारेकडे पाहत होते. ती आता अंगठ्याएवढी झाली होती.

"होय म्हाराजा!" ते ओरडले.

"होय म्हाराजा!" वाडी ओरडली. त्या ओरडण्यात माझाही आवाज होता.

दुपारपर्यंत टोपल्या भरभरून कुर्ल्या खालच्या व्हाळात गेल्या. "एवढ्यो कुर्ल्यो, आणि सार नाय," तातू हळहळले, आणि काकीने चिखलाचा गोळा त्यांच्या दिशेने भिरकावला. धार बारीक झाली, मग पाझर उरला. दुसऱ्या दिवशीचा ग्लास निवळ होता. काकीचा विश्वास बसला नाही. तिने आणखी एक भरून आणला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बांधाकडेच्या चिखलात पाणमांजराची पावले उमटली. मी उत्साहाने तिला दाखवायला नेले. तिने कौतुकाने पाहिले, आणि लगेच विचारले, "हां तरी बीळ करणा नाय मां?"

काकी गेली ती कोरड्या माघात, साध्या तापाने, आपल्या अंथरुणात. त्या पाण्याने तिला कधीच काही केले नाही. मी पोचले तेव्हा सगळे उरकले होते. बांधाच्या पायथ्याला मी तळहात लावला, गालाला लावला. कोरडा होता. दोन पावले सरकून मी पुन्हा लावला.

आता मिठबावच्या बाजूला असाच एक बांध घालायचा आहे. परवा तिथली पहिली बैठक झाली. मासे कोणाचे, राखण कोणाची, सगळे प्रश्न आले. खालच्या घराबद्दल कोणीच विचारले नाही. नकाशावर तिथेही एक छोटा चौकोन होता. ते घर कोणाचे, हे मीच विचारले. मागच्या रांगेत एका बाईने संकोचाने हात वर केला. पावसाळ्यात तुमच्याकडे मला राहायला जागा होईल का, असे मी तिला विचारले.