मूळ सिनेमात तो चंदेरीच होता!

माझ्या बहिणीचं लग्न जुळायच्या आधीच मोडणार होतं, त्याला मंगळावरचा एक इसम जबाबदार होता. तो इसम म्हणजे मी.

हे मी पहिल्यांदाच कागदावर कबूल करतो आहे. गोष्ट सत्तरच्या दशकातली, आमच्या आष्टीतली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. वडील वारल्यामुळे घरातला कर्ता पुरुषही मीच (आईला हे कधी पटलं नाही, ते सोडा). बाजारतळावर तंबूची टॉकीज लागायची. तिथं एक जुना, काळा-पांढरा सिनेमा आला. मंगळावरून एक माणूस तबकडीत बसून येतो, पृथ्वीवरच्या लोकांकडे टक लावून बघतो आणि एक शब्दही न बोलता परत जातो. बस्स! ‘मारामारी न्हाई, गाणं न्हाई’ म्हणत लोक मधूनच उठले. मी अकरा वेळा पाहिला. जाताना तो एकदाच मागं वळून बघतो. तिथं मी अकराही वेळा रडलो.

त्यामुळे माझा चुलतभाऊ बबन जेव्हा म्हणाला, “मास्तर, यंदा पोळ्याला त्या तबकडीवाल्याचं नाटक करू, पर नव्यानं!” तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला.

“नव्यानं म्हणजे?”

“म्हणजे मंगळावर बैल न्हाईत, म्हणून तो येतो. पोळा बघतो, नाचतो, दोन गाणी म्हणतो अन् एक खोंड घेऊन जातो.”

“नाचतो? अरे, तो बोलतसुद्धा नाही!”

“म्हणून तर लोक उठून गेल्ते!”

मी भडकलो. असल्या पापात मी भागीदार होणार नाही, असं चार माणसांत ठणकावून सांगितलं. आणि संध्याकाळी तालमीला सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो! (दुसरा कुणी तबकडीवाला झाला असता तर? तो विचारच सहन होईना.)

तबकडी झाली पंगतीच्या दोन पराती एकमेकींवर उपड्या बांधून. गाणी झाली. नाचही मी दात-ओठ खात शिकलो. पण तोंडाच्या रंगावर गाडं अडलं.

“चुलीतली राख फास, बास,” बबन म्हणाला.

“राख? मूळ सिनेमात तो चंदेरी होता!”

“सिनेमा काळा-पांढरा व्हता की रं! तुला चंदेरी कुठून दिसला?”

“मला दिसला!”

बबन राखेचा वाडगा माझ्यापुढं ठेवून निघून गेला.

इकडे घरी वेगळीच घाई. माझी धाकटी बहीण सुलू हिला बघायला केदारखेड्याचे पाहुणे यायचे होते. अमावास्या टळावी म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरलेली. हे स्थळ आईनं दोन वर्षं खटपट करून आणलं होतं. तिनं मला बजावलं, “त्या नाटकापायी तोंडबिंड फोडून घेऊ नको. पाव्हणे पहिलं तुझंच तोंड पाह्यतील.”

मी तोंड फोडून घेतलं नाही. एवढं मात्र माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

पोळ्याच्या सकाळी आमच्या गोठ्यात बैलांच्या शिंगांना चंदेरी वार्निस लावणं चाललं होतं. गडी पाणी प्यायला गेला. मी डबा उचलला! मागं वळूनही पाहिलं नाही. दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा आई वेशीत ओरडत होती, “अगं बाई, ढवळ्याचं डावं शिंग कोरडंच राह्यलं! डबा कुठं गेला?” मी शेजारी उभा राहून म्हणालो, “कमाल आहे!”

नाटकाबद्दल थोडक्यात सांगतो. मी तबकडीतून उतरलो. तोंड आरशासारखं चकचकीत. गाव चिडीचूप! मला भरून आलं आणि मी ऐन वेळी नाचायचंच नाकारलं. मूळ सिनेमातल्यासारखा नुसता टक लावून बघत राहिलो. पडद्याआडून बबन दात खात होता, “नाच की रं! नाच!” मी सावकाश खोंडाकडे वळून पाहिलं. खोंडानंही माझ्याकडे पाहिलं, आणि मांडवाचा खांब उपटून, एक परात शिंगात अडकवून ते जे सुटलं, ते थेट शिवारात सापडलं.

घरी येऊन तोंड धुतलं. रंग जाईना. साबण लावला. रॉकेल लावलं. शेंगदाण्याचं तेल, दही, डाळीचं पीठ. (या क्रमानं लावल्यास भूक लागते.) गडी म्हणाला, “मास्तर, दुकानदार म्हणत व्हता, ह्यो रंग पुढल्या पोळ्यापस्तोर हालत न्हाई.” पाहुण्यांच्या सरबराईला आलेल्या मावशीनं तोंड घासायला विटकर आणली. तासाभरानं मी चंदेरी होतो आणि चंदेरीच्या खालून लालही!

आई मट्कन खाली बसली. “आता सुलीचं काय करू रं मी?”

शेवटी दाढ दुखतेय असं सांगायचं ठरलं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पंचा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून मी पाहुण्यांपुढं बसलो. मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याचे वडील मोठे कनवाळू निघाले. “दाढ ना? लवंग धरा. मी पाह्यतो कोणती हाये ती,” म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं पंचा सोडला.

त्यांच्या हातातला पंचा खाली पडला. मुलाची आई भिंतीला टेकली.

“हे... हे कोणी केलं?” म्हातारबांनी विचारलं.

आता खरं सांगायची वेळ होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून बबन म्हणाला, “मी केलं. नाटक माझं. मास्तरची काही चूक न्हाई.” आई त्याच्यावर तुटून पडली. आणि मी? मी हळूच मान डोलावली!

तेवढ्यात पोह्यांचं ताट घेऊन सुलू आली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीनं मान वर करायची नसते हे विसरून ती खो-खो हसत सुटली. ताट हातात गदगदत होतं. मुलानं मान वर केली, तिला पाहिलं आणि तोही हसायला लागला. म्हातारबा दोघांकडे बघत राहिले, मग म्हणाले, “असल्या भावासंग राहून जी पोरगी हसती, ती आमच्या पोराला बराबर सोसंल. सुपारी फोडा!”

लग्न झालं. पण बबनला त्या लग्नात आईनं पंगतीत शेवटी बसवलं, आणि ‘मास्तरचं तोंड नासवणारा’ हे नाव त्याला चिकटलं. मी गप्प.

सहा-सात वर्षांनी त्या सिनेमाची नवी, रंगीत आवृत्ती निघाली. निषेध म्हणून बघायचीच नाही असं मी जाहीर केलं, आणि पहिल्याच खेळाला बबनला घेऊन जालन्याला गेलो. पडदा उजळला. तबकडीचं दार उघडलं. तो बाहेर आला. तोंड राखेसारखं! तंतोतंत चुलीतली राख! वर तो नाचलाही.

मला हुंदका आला. अंधारात बबनचा हात धरून मी म्हणालो, “बबन्या, मी पापी आहे. तो वार्निसचा डबा मी चोरला होता. तू उगाच बोलणी खाल्लीस.”

“म्हाईत हाये.”

“तुला? कसं काय?”

“मलाच न्हाई, समद्या आष्टीला. ढवळ्याचं एक शिंग कोरडं, अन् तुझं तोंड रंगलेलं. त्याला काय इज्ञान लागतं व्हय, मास्तर?”