आतड्याचा जोड

बैलाचं शिंग पोटात घुसतं तेव्हा आवाज होत नाही. मला वाटायचं, होत असेल. तासगावकडच्या शर्यतीच्या मैदानात मी कडेला उभी होते आणि आमचे मालक घरच्याच खोंडाला जू घालायला वाकले होते. खोंडानं मान हिसडली, त्यांना उचललं आणि आपटलं. ते उठून बसले, हसायलाही गेले. शर्ट वर केला तर आतडं बाहेर. निळसर गुलाबी, ओलं, आपोआप हलतंय.

आतडं मला नवं नव्हतं. कराडकडच्या आमच्या गावात जत्रेला बकरं पडलं की वजडी धुवायचं काम सुनांचं. कोथळा गरम पाण्यातून काढून खरवडायचा, लांबलचक आतडी उलटी करून मीठ चोळून धुवायची. लहान आतडं कुठं संपतं, मोठं कुठं लागतं, हे माझ्या हाताला न बघता कळतं. पण ते मेलेलं असतं. हे जितं होतं, माझ्या नवऱ्याचं होतं, आणि त्याला माती लागली होती.

सासऱ्यांनी डोक्याचा पटका सोडून पोट आवळलं. मागं पोरं खोंडाला दांडक्यानं बडवत होती. मिरजेपर्यंत गाडीत मी रडले नाही, शिव्याच देत होते. खोंडाला, सासऱ्यांना, ह्यांनासुद्धा. "मैदान, मैदान करून घेतलंसा न्हवं पोट फाडून!"

दवाखान्यात फाटलेला लहान आतड्याचा तुकडा कापून दोन्ही टोकं शिवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जोड कच्चा आहे. पोटातून हवा सरेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. जोड सुटला तर घाण पोटभर पसरेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही." नाकातून एक नळी जठरापर्यंत घातली होती. खालच्या पिशवीत तिच्यातून हिरवं पित्त ठिबकायचं. वॉर्डात येणारा जाणारा एकच विचारायचा, "सरली का हवा?" आणि मी नाही म्हणून मान हलवायची.

आता आमच्याकडची रीत सांगते. माणूस पडला, बाई बाळंत झाली, ताप आला, की अळणी पाजायचं. तिखट घालायच्या आधीचा मटणाचा पातळ रस्सा तो. त्याला कुणी जेवण धरतच नाही, औषधच ते.

मी खालनं इंजेक्शनं घेऊन वर आले आणि पिशवीकडं बघितलं. हिरव्यावर पिवळा तवंग तरंगत होता. हळदीचा, चरबीचा. वासही आला. कॉटच्या पलीकडं सासरे थर्मासचं झाकण लावत होते.

"आवं मामंजी, काय पाजलंसा?"

"अळणीच गं. जेवान कुठं दिलंय? दोन घोट. रगात जाऊन पोरगं वाळलंय."

लग्न झाल्यापासून ह्या माणसासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्यांची गचांडी धरून मी त्यांना भिंतीवर आदळलं. थर्मास हिसकून फरशीवर आपटला. काच फुटली, कढत रस्सा त्यांच्या पायावर सांडला. वर सणसणीत कानफटात ठेवून दिली. "पोटचा पोरगा मारताय व्हय? खाटीक हाय का बाप हाय तुमी?" वॉचमननं मागून धरलं तरी मी लाथा झाडत होते. कॉटवरनं हे कण्हत म्हणाले, "सोड गं... बा हाय माझा."

दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं ताणलं. ताप चढला. पुन्हा आत नेलं, पुन्हा पोट उघडलं. मी बाहेर उभी, आणि माझ्या मनात एकच. हे गेले तर मी ह्या म्हाताऱ्याला जिता सोडणार नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जोड शाबूत होता. शिंगाचा मार बसलेला दुसराच तुकडा काळा पडून फुटला होता. रस्सा नळीतून बाहेर आला, त्यानं हे झालेलं नाही. आतड्याचं तोंड आता पोटावर काढलंय, वर पिशवी लावलीय. तिथून हवा आली की समजायचं, आतडं चालू झालं."

सासरे जिन्यात बसले होते. पाय फोडांनी भरलेला, आणि स्वतःच्याच तोंडात मारून घेत होते. मी म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाई झालं."

"डाक्टर माझं मन राखतीय."

मी त्यांना खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "न्हाई म्हनते न्हवं! आइका की माझं!" आदल्या दिवशी ज्या हातांनी मारलं त्याच हातांनी. ते उठून आले आणि कॉटशेजारी फरशीवर बसले, नजर पोटावरच्या पिशवीला लावून. आतलं आतड्याचं लालभडक तोंड प्लास्टिकमधनं दिसत होतं. पिशवी सपाट होती. म्हाताऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही, आणि मीही घ्या म्हणाले नाही.

दोन दिवस असेच गेले. मग सकाळी झाडलोट चालू असताना ते किंचाळले, "आली! हवा आली गं!"

पिशवी टम्म फुगली होती. नर्स धावली. शेजारची माणसं फिदीफिदी हसायला लागली, आणि मी कॉटचा गज धरून मोठ्यानं भोकाड पसरलं. जरा दम लागला तसा पुन्हा राग चढला.

"मामंजी, डॉक्टर सांगस्तवर एक थेंब जरी पाजलासा, तर हात मोडीन तुमचा."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं केले. 

"मोड पोरी, दोनी मोड. पर त्येला घरला आन."