शकुंतला सिस्टर आणि माझी चक्कर

शकुंतला सिस्टर आज सकाळी गेल्या.
त्या नसत्या, तर मी नऊ वर्षांपूर्वीच गेलो असतो.

तेव्हा मी एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये होतो. सकाळचे अकरा. ट्रेमधले सोयाबीनचे कोंब मोजत होतो.
अचानक कोंब पाण्याखाली असल्यासारखे हलायला लागले. मग ट्रे. मग टेबल.
पडलो कधी, कळलं नाही.

सोबतच्या दोघांनी उचलून नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात आणलं. इमर्जन्सीच्या कॉटवर आडवा झालो आणि सगळं सावकाश वाहत राहिलं. छत, पडदे, सलाइनची बाटली. दुखत काहीच नव्हतं. उलट्या व्हायच्या, आणि मधल्या वेळात एक गोड गुंगी. कुणीतरी नदीत अलगद सोडून दिल्यासारखी.

बायकोचा, वैशालीचा, चेहरा यायचा आणि निघून जायचा.
आवाज फार लांबून यायचे.

"सीटी स्कॅन नॉर्मल आहे. कानामुळे असेल. इंजेक्शन देतो, संध्याकाळी घरी न्या." हे ड्यूटीवरचे डॉक्टर.
मला बरं वाटलं. फक्त झोपायचं होतं.

मग एक आवाज अगदी जवळून आला.
"भाऊ, डोळे उघडा. झोपायचं न्हाई. उठून बसा बरं."

पिकलेले केस, जाड चष्मा. शकुंतला सिस्टर.
मी कॉटची कड धरून बसलो.
"आता हात सोडा."
सोडले, आणि डावीकडे कलंडलो. त्यांनी खांद्यावर झेललं. पुन्हा बसवलं. पुन्हा डावीकडेच.
मग त्यांनी स्वतःचं बोट समोर धरलं. त्याला हात लावायचा. डाव्या हाताला ते बोट सापडेचना.

"डॉक्टरसाहेब, जरा इकडं या. कानाची चक्कर असली तर माणूस धरून तरी चालतो. ह्यांना बसता बी येईना."
"सिस्टर, सीटी नॉर्मल आलाय."
"असू द्या. एकदा तुम्ही बघा."

डॉक्टर चिडले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आले. मला डावीकडे, उजवीकडे बघायला लावून डोळे तपासत राहिले. बराच वेळ.
मग हळूच म्हणाले, "अँब्युलन्स सांगा. संभाजीनगरला एमआरआय करावा लागेल."

लहान मेंदूत स्ट्रोक निघाला. दुसऱ्या दिवशी तिथे सूज आली, ऑपरेशन करावं लागलं.
तिथले सर्जन वैशालीला म्हणाले, "घरी झोपले असते तर उठले नसते."

तीन महिन्यांनी पेढे घेऊन सिस्टरना भेटायला गेलो. विचारलं, "तुम्हाला कसं काय कळलं?"

त्यांनी एक पेढा उचलला.
"तुमच्या आधी एक बाई आल्ती अशीच. इंजेक्शन दिलं, बरं वाटून राह्यलं म्हणली. मीच तिला ऑटोत बसवून दिल्तं. दुसऱ्या दिवशी बेशुद्ध आणली. गेली.
ऑटोपर्यंत जाताना तिचा सगळा भार माझ्या अंगावर होता, भाऊ. आन् मला कळलं न्हाई.
तव्हापासून चक्करवाल्याला बसवून, चालवून बघितल्याबिगर मी सोडत न्हाई."

तो पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला होता.

आत्ताच जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरून आलो. गेले काही महिने आजारीच होत्या. पांढऱ्या साडीत निजल्या होत्या. अंगणात बुद्धवंदना चालू होती, आणि मला कितीतरी वेळ असं वाटत राहिलं की त्या आतून सगळं ऐकताहेत.

मित्रांनो, अचानक चक्कर आली आणि नीट बसता-चालता येत नसेल, तर पित्त म्हणून त्या माणसाला झोपवून ठेवू नका. लगेच न्या. आणि डॉक्टरांना सांगा, ह्यांना बसता येत नाही.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. आता अकरावीत आहे.
मधली सगळी वर्षं मी पाहिली.

सिस्टर, आयुष्यभर लोकांसाठी उभ्या राहिलात. आता निवांत बसा.
जयभीम.